दूषित माती जागच्या जागीं कोंडण्याची परवानगी

घर बांधावयाचें झालें म्हणजे मनुष्य जागेचा भाव विचारतो, पाण्याची सोय पाहतो, वारा कोणत्या दिशेनें येतो हें न्याहाळतो. जमिनीच्या पोटांत काय आहे हें मात्र तो क्वचितच विचारतो. पाया घेण्याइतकें कठीण लागलें कीं त्याचें समाधान होतें. परंतु ज्या शहरांत शंभर-दीडशें वर्षें कारखाने चालले आणि मग बंद पडले, त्या शहरांत हा प्रश्न टाळतां येत नाहीं. कारखान्याचें धुराडें पाडतां येतें, यंत्रें भंगारांत काढतां येतात. पण वर्षानुवर्षें जमिनींत मुरलेलें तेल, डांबर, शिसें, पारा यांना कोणी उचलून नेत नाहीं. अशा जागेवर बाजार, शाळा किंवा वस्ती उभारावयाची असेल तर त्या मातीचें काय करावयाचें हें आधीं ठरवावें लागतें, आणि तें ठरविण्याचा अधिकार एकट्या मालकास नसतो. माती उकरून दूर न नेतां जागच्या जागीं कोंडून ठेवावयाची असली तरी सरकारची संमति लागते. ही संमति कशी मिळते, ती देणारा काय पाहतो, आणि ती मिळाल्यावरही काम कसें फसूं शकतें, हें समजून घेण्यास टोकियो शहरांतील तोयोसूच्या मासळीबाजाराएवढें बोलकें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

टोकियोंतील त्सुकिजीचा जुना बाजार १९३५ सालीं उघडला. जगांतील सर्वांत मोठा मासळीबाजार अशी त्याची ख्याति होती. पहांटे ट्यूना माशांचा लिलाव पाहण्यास परदेशचे प्रवासी रांग लावून उभे राहत. परंतु काळ लोटला तशीं तेथील छपरें जुनीं झालीं, जागा अपुरी पडूं लागली, आणि २००१ सालीं शहराच्या सरकारनें हा बाजार दोन-अडीच किलोमीटरांवरील तोयोसू येथें हलविण्याचें ठरविलें. तोयोसू ही समुद्रांत भर घालून केलेली भूमि. बाजारासाठीं योजलेली जागा सुमारें ४० हेक्टर, म्हणजे जवळजवळ शंभर एकर. पाण्याला लागून, हमरस्त्यांना जवळ आणि एका तुकड्यांत एवढी जागा राजधानींत दुसरीकडे मिळणें कठीण. उणें एवढेंच होतें कीं १९५६ पासून १९८८ पर्यंत तेथें टोकियो गॅस कंपनीचा कारखाना होता, आणि त्यांतील पुष्कळ वर्षें तेथें दगडी कोळशापासून गॅस काढीत असत.

कोळशाचा गॅस ही मुंबईकरांस परकी वस्तु नव्हे. १८६५ सालीं मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले ते याच जातीच्या गॅसवर जळत, आणि लालबागेंत 'गॅस कंपनी' हें नांव पुढें पुष्कळ काळ लोकांच्या तोंडीं राहिलें. बंद भट्टींत कोळसा घालून, हवा लागूं न देतां त्यास खूप तापविलें म्हणजे त्यांतून गॅस निघतो व मागें कोक उरतो. पण हा गॅस जसाच्या तसा नळांत सोडतां येत नाहीं. त्यांत डांबर असतें, अमोनिया असतो, गंधकाचीं व सायनाइडचीं संयुगें असतात, बेंझिनची वाफ असते. तो थंड करून, पाण्यानें धुवून, लोखंडाच्या गंजाच्या थरांतून गाळून स्वच्छ करावा लागतो. शहराला मिळतो तो स्वच्छ गॅस. गाळलेला सर्व मळ कारखान्याच्या आवारांत राहतो. टांक्या झिरपतात, नळांचे सांधे सुटतात, वापरून संपलेला गंज कोपऱ्यांत ओतला जातो. पाऊस पडतो आणि तें सर्व हळूहळू खालीं उतरतें.

तोयोसूची माती बिघडलेली आहे हें गॅस कंपनीनें २००१ सालींच जाहीर केलें होतें आणि आपल्या परीनें कांहीं सफाईही केली होती. परंतु कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरली. २००७ सालीं शहर सरकारनें तज्ज्ञांची समिति नेमली, आणि २००८ सालीं सर्व जागेवर दहा दहा मीटरांचे चौकोन आंखून ४,१२२ ठिकाणीं तपासणी करण्यांत आली. तेव्हां एका ठिकाणच्या मातींत बेंझिन ठरलेल्या मर्यादेच्या ४३ हजार पट निघालें. शिवाय सायनाइड, सोमल, शिसें, पारा, क्रोमियम आणि कॅडमियम हीं होतींच.

४३ हजार पट हा आंकडा ऐकून कोणाचीही छाती दडपेल. म्हणून मर्यादा म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे. बेंझिनची मर्यादा एक लिटर पाण्यांत एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, म्हणजे एक लाख लिटर पाण्यांत एक ग्रॅम, एवढी आहे. मातीचा नमुना ठराविक पाण्यांत घालून हलवितात आणि त्या पाण्यांत किती बेंझिन उतरलें तें मोजतात. ही मर्यादा कशी काढली? एखादा मनुष्य सत्तर वर्षें रोज दोन लिटर असलें पाणी पीत राहिला तर त्याच्या प्रकृतीस किती धोका पोंचेल, या हिशेबानें. बेंझिननें रक्ताचा कर्करोग होतो हें निर्विवाद आहे, म्हणून मर्यादा कडक ठेवली आहे. परंतु तोयोसूच्या जमिनीखालचें पाणी कोणी पीत नाहीं. तेथें विहीर नाहीं. मग भीति कशाची? बेंझिनची वाफ होते आणि ती फटींतून वर येते, ही एक. दुसरी ही कीं वर येणारा माल मासे आणि भाजीपाला आहे. तिसरी भीति मोजपट्टीनें मोजतां येत नाहीं. गिऱ्हाइकाच्या मनांत एकदां किंतु आला कीं बाजार बसतो. जपानी लोक यासाठीं दोन निरनिराळे शब्द वापरतात: 'आन्झेन' म्हणजे सुरक्षितता आणि 'आन्शिन' म्हणजे मनाची निश्चिंति. पहिली शास्त्रज्ञ देऊं शकतात, दुसरी देणें त्यांच्या हातीं नसतें. तोयोसूचा सारा वाद या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे असें म्हटलें तरी चालेल.

आतां कायद्याकडे वळूं. जपानचा माती-प्रदूषणाचा कायदा २००२ सालीं झाला आणि २००३ च्या फेब्रुवारींत अंमलांत आला. विषारी द्रव्यें वापरणारा कारखाना बंद झाला कीं मालकानें जमीन तपासून घ्यावी, हा त्याचा गाभा. मौज अशी कीं जे कारखाने कायदा लागू होण्यापूर्वींच बंद पडले होते त्यांच्या जमिनींवर ही सक्ती नव्हती, आणि तोयोसूचा कारखाना तर १९८८ सालींच बंद झाला होता! पुढें २००९ सालीं कायदा सुधारला. २०१० च्या एप्रिलपासून तीन हजार चौरस मीटरांहून मोठ्या जागेंत खोदकाम किंवा भराव करावयाचा असेल, तर तीस दिवस आधीं प्रांताच्या गव्हर्नराकडे वर्दी दिलीच पाहिजे असें ठरलें. वर्दी आली कीं गव्हर्नर जागेचा पूर्वेतिहास पाहतो, आणि संशय वाटला तर तपासणीचा हुकूम करतो. हें ठीक झालें. कारखाना कधीं बंद झाला यापेक्षां जमीन आज कोणी हलवीत आहे काय, हाच प्रश्न खरा आहे; कारण न हलविलेली दूषित माती बहुधा निजलेल्या सापासारखी असते.

तपासणी मालकानें आपल्या माणसांकडून करून चालत नाहीं. सरकारनें नोंदलेल्या तपासणी संस्थेनेंच ती करावी लागते. प्रथम कागद पाहतात. कारखान्याचे जुने नकाशे, टांक्या कोठें होत्या, नळ कोठून जात, काय वापरीत आणि टाकाऊ द्रव्य कोठें टाकीत, याची माहिती गोळा करतात. संशय जेथें दाट तेथें दहा मीटरांचा चौकोन, जेथें कमी तेथें तीस मीटरांचा. मर्यादा ओलांडलेली आढळली कीं ती जागा सरकारी पत्रांत जाहीर होते व एका नोंदवहींत चढते. ही नोंदवही कोणाही नागरिकास पाहतां येते. आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीची प्रकृतिही लिहिलेली असती तर जसें झालें असतें, तसेंच तें म्हणावयाचें.

जाहीर झालेल्या जागांचे दोन वर्ग असतात. भोंवतालचे लोक तेथलें पाणी पितात किंवा मुलें त्या मातींत खेळतात, अशी जागा पहिल्या वर्गांत जाते. तेथें उपाय केल्यावांचून सुटका नाहीं आणि परस्पर खोदकामास बंदी असते. ज्या जागेंतून विष माणसापर्यंत पोंचण्याची वाट नाहीं ती दुसऱ्या वर्गांत. तेथें विष आहे तसें राहिलें तरी चालतें. मात्र खोदावयाचें झालें तर चौदा दिवस आधीं नकाशांसह वर्दी द्यावी लागते, आणि कामाची रीत नियमांस धरून नसली तर गव्हर्नर आराखडा बदलण्याचा हुकूम देऊं शकतो. हुकूम मोडणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लक्ष येनपर्यंत दंड आहे. माती आवाराबाहेर न्यावयाची झाली तर तिच्यासाठीं निराळी वर्दी, निराळा परवाना असलेला माती-शुद्धीचा कारखाना, आणि गाडीगणिक चलन. तें चलन माती जेथें पोंचली तेथून सहीशिक्क्यानिशीं परत आलें पाहिजे.

येथें सहज प्रश्न येतो कीं एवढा खटाटोप करण्यापेक्षां सगळी माती उकरून दूर कां नेत नाहींत? हिशेब करून पाहावा. ४० हेक्टर जागा दोन मीटर खोल खणली तर आठ लक्ष घनमीटर माती निघते. एका मोठ्या ट्रकमध्यें दहा घनमीटर माती मावते असें धरलें तर ८० हजार खेपा झाल्या. तितक्याच स्वच्छ माती आणण्यास. त्या सर्व गाड्या वस्तींतून जाणार, धूळ उडविणार, आणि शेवटीं ती माती दुसऱ्या कोणाच्या तरी गांवाशेजारीं जाऊन पडणार. आपल्या दारांतला कचरा शेजाऱ्याच्या दारांत लोटण्यास सफाई म्हणत नाहींत. म्हणून जगांत सर्वत्र कायदे माती जागच्या जागीं कोंडण्यास मुभा देतात. मात्र कोंडणें म्हणजे वर चार टोपल्या मुरूम पसरणें नव्हे.

धान्याची कणगी जशी बुडाशीं, बाजूंस आणि वरून अशी तिन्हीकडून बंद असावी लागते, तसेंच हें आहे. सर्वांत कठीण बाजू बुडाची, कारण जमिनीखालीं जाऊन तळ बसवितां येत नाहीं. निसर्गानें दिलेला चिकणमातीचा थर शोधावा लागतो. जपानी नियमाप्रमाणें हा थर निदान पांच मीटर जाड हवा, आणि त्यांतून पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला एका मीटरच्या एक कोटीव्या भागाहून अधिक नसावा. तो मिळाला म्हणजे दूषित जागेभोंवतीं पोलादी पाट्यांची किंवा सिमेंट मिसळलेल्या मातीची भिंत त्या थरांत रुतेपर्यंत खालीं उतरवितात. मग वरून झांकण. नुसती अंगाला माती लागूं नये एवढाच हेतु असेल, तर ५० सेंटिमीटर स्वच्छ माती, किंवा १० सेंटिमीटर काँक्रीट, किंवा ३ सेंटिमीटर डांबरी थर पुरतो. पाणी आंत जाऊं नये असा हेतु असेल तर झांकण अधिक पक्कें लागतें. याहून वाईट मातीसाठीं खालींवर अस्तर लावलेला खड्डा, आणि त्याहूनही वाईट जातीसाठीं काँक्रीटची बंद कोठी, अशा चढत्या पायऱ्या आहेत.

परंतु कोंडण्यालाही सीमा आहे. साध्या मर्यादेच्या वर दुसरी एक मर्यादा ठरलेली असते. बेंझिनच्या बाबतींत ती पहिलीच्या दहा पट आहे. तिच्याही पलीकडची माती तशीच भिंतींत कोंडतां येत नाहीं. तिचें विष आधीं उतरवावें लागतें. ४३ हजार पट बेंझिन असलेल्या मातीचा निकाल यानेंच लागला. तोयोसू येथें अशी माती खणून काढून, कांहीं पाण्यानें धुवून, कांहीं भट्टींत तापवून, तर कांहींत जंतु सोडून शुद्ध करण्याचीं यंत्रें जागेवरच उभारण्यांत आलीं.

माती कोंडल्यावर मालक मोकळा होतो असेंही नाहीं. भिंतीबाहेरच्या भूजलाचे नमुने वर्षांतून निदान चार वेळां याप्रमाणें दोन वर्षें घ्यावयाचे, आणि ते सर्व निर्दोष निघाले तरच उपाय लागू पडला असें मानावयाचें. डॉक्टरनें ताप उतरल्यावरही कांहीं दिवस रोग्याला नजरेखालीं ठेवावें तसा हा प्रकार आहे. सर्व परवानगींत हीच अट सर्वांत महत्त्वाची, आणि घाईच्या कामांत पहिली मोडते ती हीच.

तोयोसूची योजना कायद्याच्या पलीकडे गेली होती. कायद्यानें पाहिलें तर ती दुसऱ्या वर्गांतील जागा; तिच्यावर नुसती फरसबंदी केली असती तरी भागलें असतें. पण बाजार खाद्यपदार्थांचा, म्हणून तज्ज्ञांच्या समितीनें अधिक मागितलें. गॅस कारखान्याच्या मूळ भूपृष्ठापासून दोन मीटर माती काढून तेथें स्वच्छ माती भरावी, आणि तिच्यावर आणखी अडीच मीटर स्वच्छ भराव घालावा. एकूण साडेचार मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा फूट. भोंवतीं पाणी अडविणाऱ्या भिंती, आणि भूजल ठराविक पातळीवर ठेवण्यास पंप. २०१० सालीं शहराच्या प्रतिनिधिसभेनें ठराव करून जागा निर्विष झाल्यावरच बाजार उघडावा अशी भर घातली. मातीच्या कामास सुमारें ८,५८० कोटी येन खर्च आला. गॅस कंपनीनें त्यांतले ७८० कोटी येन दिले.

पर्यावरणावरील परिणामांचा जो अहवाल मंजुरीसाठीं सादर झाला, त्यांतही सर्व जागेवर साडेचार मीटरांचा भराव दाखविला होता. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बाजार बांधणारें खातें टोकियो सरकारचें, आणि मातीच्या कायद्याची अंमलबजावणी करणारें खातेंही त्याच सरकारचें. अर्ज करणारा आणि मंजुरी देणारा एकाच छपराखालीं बसत होते. यांत कोणी लबाडी केलीच असें नव्हे. पण परीक्षा देणारा व तपासणारा एकाच घरचे असले म्हणजे प्रश्नाचें उत्तर दोघांनाही ठाऊक आहे असें दोघेही धरून चालतात, आणि उत्तरपत्रिका उघडून पाहण्याचें राहून जातें.

बाजार ७ नोव्हेंबर २०१६ रोजीं उघडावयाचा ठरला होता. इमारती उभ्या होत्या, व्यापाऱ्यांनीं नव्या जागेंत शीतपेट्या बसविल्या होत्या. त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत श्रीमती युरिको कोइके गव्हर्नर निवडून आल्या. त्यांनीं विचारलें कीं भूजलाची दोन वर्षांची तपासणी नऊ वेळांची आहे आणि नवव्या वेळेचा निकाल जानेवारी २०१७ मध्यें यावयाचा आहे. मग बाजार नोव्हेंबरांत कसा उघडतो? प्रश्न अगदीं साधा होता. ३१ ऑगस्टला त्यांनीं स्थलांतर पुढें ढकललें. आणि मग १० सप्टेंबरला त्यांनीं जाहीर केलें कीं मुख्य इमारतींच्या खालीं भराव मुळीं घातलेलाच नाहीं. जेथें साडेचार मीटर स्वच्छ माती असावयाची तेथें काँक्रीटचे पोकळ तळघर होतें, आणि त्यांत पाणी सांचलेलें होतें.

लोकांनीं तीं छायाचित्रें पाहिलीं आणि एकच हलकल्लोळ झाला. नळ व देखरेख यांसाठीं पोकळी ठेवली असा खुलासा खात्यानें केला. स्थापत्याच्या दृष्टीनें तो सर्वस्वीं चुकीचा नव्हता. मोठ्या इमारतीच्या खालीं नळांसाठीं जागा लागते, आणि पुढें कांहीं बिघडलें तर उतरून पाहण्यास तिचा उपयोगही होतो. परंतु हा बदल तज्ज्ञ समितीस कोणी सांगितला नव्हता, लोकांस सांगितला नव्हता, आणि सरकारच्या स्वतःच्या पत्रकांत सर्व जागेवर भराव असल्याचेंच चित्र छापलें जात होतें. निर्णय कोणी घेतला याची चौकशी झाली. पहिल्या चौकशींत कोण व केव्हां हें सांगतां आलें नाहीं. दर पायरीला थोडें थोडें ठरत गेलें असें उत्तर आलें. नोव्हेंबरांत दुसऱ्या चौकशीनें आठ अधिकाऱ्यांवर जबाबदारी ठेविली. कचेरींत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जातांना आशय कसा पातळ होतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास यांत नवल वाटणार नाहीं.

भूजलाचे पहिले सात निकाल मर्यादेच्या आंत होते. आठव्यांत किंचित् वाढ दिसली. जानेवारी २०१७ मध्यें नववा निकाल आला तेव्हां २०१ पैकीं ७२ ठिकाणीं मर्यादा ओलांडलेली होती आणि बेंझिन ७९ पट निघालें. पुन्हां तपासलें तेव्हां शंभर पट. दरम्यान तळघराच्या हवेंत पाराही मार्गदर्शक प्रमाणाच्या सात पटीपर्यंत आढळला होता. मध्यंतरीं पंप चालूं लागले होते आणि साचून राहिलेलें पाणी हलूं लागलें होतें. तज्ज्ञांचें मत असें पडलें कीं जमिनीवरील बाजारास धोका नाहीं, कारण पाणी कोणी पीत नाहीं आणि मधें काँक्रीट आहे. पण तळघराची हवा खेळती ठेवली पाहिजे. शास्त्राच्या दृष्टीनें हें बरोबरच होतें. तथापि मासे विकणाऱ्याला गिऱ्हाइकापुढें उभें राहून पाण्याचा आणि हवेचा हा फरक समजावून सांगतां येत नाहीं. त्सुकिजीचे कित्येक व्यापारी पिढीजात होते. नव्या जागेचें भाडें, नवीं यंत्रें, काढलेलें कर्ज एका बाजूला आणि नांवाला लागणारा डाग दुसऱ्या बाजूला, अशा कात्रींत ते दोन वर्षें सांपडले. त्यांना सरकारास नुकसानभरपाई द्यावी लागली. जून २०१७ मध्यें गव्हर्नरांनीं त्यांच्यापुढें जाऊन निर्विष जागेचें वचन पाळलें गेलें नाहीं याबद्दल क्षमा मागितली, आणि स्थलांतर तोयोसूलाच होईल असें सांगितलें.

मग जें काम पांच वर्षें आधीं कागदावर मांडावयास हवें होतें तें झालें. तळघराच्या जमिनीवर काँक्रीटचा थर घातला, हवा बाहेर काढणारे पंखे बसविले, भूजल उपसण्याची व्यवस्था वाढविली. ३१ जुलै २०१८ रोजीं बाजार सुरक्षित असल्याचें जाहीर झालें. ६ ऑक्टोबरला त्सुकिजी बंद झाला आणि ११ ऑक्टोबर २०१८ रोजीं तोयोसूचा पहिला लिलाव झाला. बाजार आज चालूं आहे. गंमत अशी कीं शेवटीं जी रचना मान्य झाली ती भरावाची नव्हे, पोकळीचीच होती. ती आरंभींच उघडपणें मांडून, तिच्यासाठीं हवा व पाणी यांची योजना दाखवून मंजुरी मागितली असती, तर ती बहुधा मिळालीही असती.

हिंदुस्थानांत या विषयावर स्वतंत्र नियम पुष्कळ उशिरां आले. प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारनें जुलै २०२५ मध्यें प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें जिल्ह्याच्या प्रशासनानें संशयित जागांची माहिती सहामाही द्यावी, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानें नव्वद दिवसांत प्राथमिक पाहणी करावी, मग सविस्तर तपासणी व्हावी, आणि जमीन कोणी बिघडविली तें शोधून खर्च त्याच्याकडून घ्यावा. खाणी, किरणोत्सर्गी कचरा, समुद्रांतील तेल आणि गांवचे कचऱ्याचे ढीग यांतून वगळले आहेत. तपासणीला मुदत आहे, पण दूषित ठरलेली जागा किती दिवसांत निर्दोष करावयाची याला मुदत नाहीं; ही उणीव लहान नव्हे. महाराष्ट्रांत कारखान्यांचा घातक कचरा नेण्यासाठीं तळोजें, रांजणगांव अशा ठिकाणीं अस्तर लावलेले खड्डे बरींच वर्षें आहेत, परंतु तें कारखान्यांतून निघणाऱ्या कचऱ्यासाठीं. जुन्या कारखान्याच्या जागेवर इमला चढविणारा मनुष्य खालची माती तेथेंच ठेवूं पाहील, तेव्हां त्याला विचारावयाचे प्रश्न तोयोसूनें तयार करून ठेवले आहेत: बुडाचा थर कोठें आहे, भिंत त्यांत किती रुतली आहे, नकाशांत दाखविलेला भराव कोणी डोळ्यांनीं पाहिला आहे काय, आणि भूजलाचा शेवटचा निकाल येण्यापूर्वीं घरांच्या किल्ल्या वाटल्या जात आहेत काय.

राहतां राहिली त्सुकिजीची रिकामी झालेली जागा. वाद ऐन रंगांत असतांना, मे २०१७ मध्यें, जुन्या बाजाराखालचीही माती तपासण्यांत आली. १११ ठिकाणांपैकीं ३० ठिकाणीं सोमल, शिसें, पारा अशा द्रव्यांनीं मर्यादा ओलांडलेली निघाली. ज्या जमिनीवर टोकियोनें ऐंशीं वर्षें निश्चिंत मनानें मासे विकत घेतले, ती जमीनही स्वच्छ नव्हती. आणि तिच्या पोटांत आणखी एक गोष्ट पुरलेली होती. १९५४ च्या मार्चमध्यें बिकिनी बेटावरील हायड्रोजन बाँबच्या चांचणीची राख अंगावर पडलेल्या जपानी मच्छीमार नौकेनें आणलेले ट्यूना या बाजारांत आले, ते किरणोत्सर्गी आहेत असें आढळलें, आणि आवारांतच एक खड्डा खणून ते पुरण्यांत आले. त्या वेळीं अशा खड्ड्यासाठीं कोणाची वर्दी लागत नसे आणि नोंदवहीही नव्हती. पुढें भुयारी रेल्वेच्या कामाच्या सुमारास त्यांचा शोध घेण्यांत आला, परंतु हाडें सांपडलीं नाहींत. १९९९ सालीं बाजाराच्या भिंतीवर त्या गोष्टीची एक पाटी तेवढी लावण्यांत आली.